आप्पा गोळपकरांचं शेअरपारायण

आप्पा गोळपकर लबाड असते तर मला त्यांचा इतका राग आला नसता. लबाड माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. त्याला चारचौघांत धरता येतं, दोन शब्द सुनावता येतात. आप्पा तसले नव्हते. सज्जन, निर्व्यसनी, आईच्या शब्दाबाहेर न जाणारे, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारे. असल्या माणसाच्या मागे लोक डोळे मिटून जातात, आणि खड्ड्यात पडल्यावरही त्यालाच नमस्कार करतात. रत्नागिरीत हे माझ्या डोळ्यांदेखत झालं.

मी गोदा पावसकर. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्त झाल्यावर खालच्या आळीत घराच्या ओटीवर लायब्ररी काढली. कादंबऱ्या, मासिकं, दिवाळी अंक, झालंच तर मुलांची पुस्तकं. पंच्याऐंशीचं बजेट झालं आणि शेअरबाजार असा काही चढायला लागला की मुंबईत काय व्हायचं ते होवो, आमच्या इथले कारकून, मास्तर, नर्सा, आंब्याचे दलाल, सगळे एकदम शहाणे झाले. तोवर ह्यांना भागीदारी ठाऊक होती ती कलमांच्या बागेतली, नाहीतर मिरकरवाड्याच्या होडीतली. आता जो तो माझ्या ओटीवर येऊन विचारायचा, "बाई, शेअरवर वाचण्यासारखं काही आहे का हो?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, चला, पैशाच्या निमित्तानं का होईना, लोक इतिहास वाचतील. मुद्दाम मुंबईहून पुस्तकं मागवली. कंपनीचा ताळेबंद कसा वाचावा हे सांगणारं एक, देशोदेशीचे बाजार कसे चढले आणि कसे कोसळले ते सांगणारं एक, बँका कशा बुडतात त्यावरचं एक. दुपारच्या एस.टी.नं येणारं बाजारभावाचं वर्तमानपत्र सुरू केलं. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "आधी बुडालेल्यांचं वाचा, मग कमावलेल्यांचं." लोक पुस्तक हातात घेऊन वजन बघायचे. "जाड आहे हो बाई," म्हणायचे, आणि एक रहस्यकथा घेऊन घरी जायचे. कोणी म्हणे, "ह्यात काय आहे ते तुम्हीच थोडक्यात सांगा ना." अहो, थोडक्यात सांगायचं असतं तर त्या लिहिणाऱ्यानं पोस्टकार्डावर नसतं का लिहिलं?

आमच्या लोकांना वाचायचं नसतं. त्यांना कोणीतरी वाचून दाखवायला हवं असतं, आणि वर हातावर सुंठवडा. तो वाचून दाखवणारा आयता चालत आला. ते आप्पा.

आप्पा मूळ गोळपचे. मॅट्रिक झाल्यावर मुंबईला गेले आणि फोर्टातल्या एका विमा कंपनीत रेकॉर्ड क्लार्क म्हणून चिकटले. जुन्या फायली धूळ झटकून फडताळात लावायच्या, मागितल्या की काढून द्यायच्या, एवढंच काम आयुष्यभर. पण त्यांच्या खोलीची मागची खिडकी शेअरबाजाराच्या गल्लीत उघडायची. डबा खाताना खाली दलालांचा आरडाओरडा दिसायचा. तेवढ्या भांडवलावर निवृत्त होऊन रत्नागिरीला परत आले तेव्हा ते लोकांना सांगत, "आमची अख्खी नोकरी शेअरबाजारात गेली." आणि लोक मान हलवत. खिडकीतून खाली बघत पोळीभाजी खाल्ली ह्याला अनुभव म्हणायचं असेल तर बाजारातल्या कबुतरांनाही सल्लागार नेमायला हवं होतं.

त्यांच्याजवळ एक ग्रंथ होता. फाउंटनच्या फूटपाथवर घेतलेला, निळ्या पुठ्ठ्याचा, इंग्रजी, उशीसारखा जाड. पहिली पानं वाळवीनं खाल्ली होती, त्यामुळे लिहिणारा कोण आणि पुस्तकाचं नाव काय ते खुद्द आप्पांनाही माहीत नव्हतं. देशोदेशीच्या बाजारांचा इतिहास होता तो. आप्पांनी तो लाल फडक्यात बांधून देवघराशेजारच्या फळीवर ठेवलेला. मी एकदा लायब्ररीसाठी मागितला, तर दोन्ही कानांना हात लावून म्हणाले, "गोदाबाई, पोथी घराबाहेर जात नसते."

तिथेच मला कळायला हवं होतं की ह्या माणसानं पुस्तकाची पोथी केलीय.

शहाऐंशीच्या सुरुवातीला आप्पांनी जाहीर केलं, सप्ताह करायचा. सात दिवस, दुपारी चार वाजता, त्यांच्या घरी मारुती मंदिराच्या बाजूला. ज्याला शेअरमध्ये पैसे घालायचे त्यानं आधी सातही दिवस श्रवण करायचं. समाप्तीला नारळ. मुंबईत त्यांचा भाचा दादू एका दलालाच्या हाताखाली होता. समाप्तीच्या दिवशी ज्याचे त्याचे कागद आणि ड्राफ्ट एकत्र बांधून दादूकडे पाठवायचे, म्हणजे तो शेअर घेऊन देईल. दादूला त्यात चहापाणी सुटत असणार. आप्पांना दमडी सुटत नव्हती. ते चहासुद्धा स्वतःच्या पदरचा पाजत.

मी हसून सोडून दिलं असतं. पण माझी धाकटी बहीण विमला पहिल्याच दिवशी जाऊन बसली.

विमलाचा नवरा मुंबईत गिरणीत होता. तो गेल्यावर त्याचा फंड हिच्या हातात आला. ही राहायची दिराच्या पडवीत, भाट्याला. जावेची लाकडं, नारळाच्या सोडणांचा ढीग, कोंबड्यांचं खुराडं, आणि एका कोपऱ्यात विमलाची ट्रंक. जाऊ दर दोन दिवसांनी ऐकवायची, "पडवी मोकळी झाली तर बरं होईल हो." विमलानं वरच्या अंगाला कातळावर एक तुकडा बघून ठेवलेला. मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. फंडातून जागा येत होती, चिऱ्याच्या भिंती येत होत्या. अडत होतं ते फक्त कौलांशी.

"तोवर झावळ्यांनी शाकार," मी सांगितलं. "वर्षभरानं कौलं मी घालून देईन."

"झावळ्यांखालीच राहायचं तर पडवी काय वाईट गो ताई?" ती म्हणाली. "माझ्या घरावर माझी कौलं हवीत. आप्पा म्हणतात सहा महिन्यांत होईल."

हट्टी, अगदी लहानपणापासून. तिच्यासाठी म्हणून चौथ्या दिवशी मी गेले.

काय तो थाट! चौरंग, चौरंगावर लाल फडकं, त्यावर ते इंग्रजी बाड, शेजारी समई, आप्पा सोवळ्यात. उंबऱ्याच्या आत त्यांची आई येसूबाई जपमाळ घेऊन बसलेली, वय ऐंशीच्या पुढे, कान तेवढे शाबूत. पुढ्यात अर्धी रत्नागिरी. आप्पा मनातल्या मनात एक परिच्छेद वाचायचे आणि मग डोळे मिटून मराठीत उतरवायचे. खोटं कशाला बोलू, आवाज चांगला होता मेल्याचा.

"तेव्हा हॉलंड देशी काय वर्तलं? एका फुलाच्या कांद्यासाठी लोक घर देऊ लागले, गाई देऊ लागले! आज जो कांदा एका गाईला, उद्या तोच चार गाईंना!"

"कांदा पांढरा की लाल हो आप्पा?" बाजारात भाजी विकणाऱ्या गंगुबाईनं विचारलं.

"फुलाचा कांदा, गंगुबाई. श्रद्धा ठेवा." आणि लोकांनी माना डोलावल्या. गंगुबाईनं त्या वर्षी घरचा कांदा विकायचा थांबवून माळ्यावर टांगून ठेवला, पुढे सगळा सडला. तो एक वेगळाच प्रकार.

मग आप्पा मुंबईवर आले. अमेरिकेत लढाई लागली, विलायतेला कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बँकांवर बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, शेअर आभाळाला भिडले. हा भाग मी शाळेत वर्षानुवर्षे शिकवलेला. मी सावरून बसले. म्हटलं, आता लढाई थांबणार, कापूस कोसळणार, बँकांना टाळं लागणार, आता ऐका म्हणावं कान उघडे ठेवून.

आप्पांनी हात जोडले. "ह्या ठायी हा अध्याय मंगलमय समाप्त झाला." आणि पानांचा अंगठ्याएवढा जाड गठ्ठा एकदम उलटून त्यांनी पुढे मोरपीस घातलं.

मी उभीच राहिले. "आप्पा, मधली पानं?"

सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी आरतीत शिंकले. विमलानं माझा पदर ओढला.

लोक गेल्यावर मी आप्पांना गाठलं. मला वाटलेलं, बावचळतील, काहीतरी थाप मारतील. छे! शांतपणे म्हणाले, "गोदाबाई, पोथी कधी मरणाशी थांबवतात का? आमच्या घरी कधीही नाही. राजाचा वध आला की पुढचं लग्न किंवा राज्याभिषेक येईपर्यंत वाचायचं, मगच पोथी मिटायची. ह्या ग्रंथात तर जिथे तिथे बुडणंच. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी अशुभ. ते मोठ्यानं वाचायचं नाही. ते मी मनात वाचतो."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत आहे?"

"सगळं. पाठ आहे."

"आणि तरी स्वतःचे पैसे घालताय?"

"अहो, ते आपल्यावर यावं म्हणून का वाचायचं असतं?" त्यांना माझी कीव आली असावी. "चांगलं तेवढं कानावर पडावं, म्हणून तर श्रवण."

सगळा इतिहास पाठ, आणि त्यातला नेमका इतिहासच गाळून बाकीचा लोकांच्या कानात ओतायचा. शाळेत अशी मुलगी असती तर मी तिला बाकावर उभी केली असती. हॉलंडचे कांदे चढले, मुंबईचा कापूस चढला, इंग्लंडची रेल्वे चढली, अमेरिका चढली. सहा दिवसांत कुठे काही उतरलंच नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, जगात एवढे श्रीमंत लोक झाले तरी कसे नि गेले कुठे! आणि ते विचारायची अक्कल एकालाही नव्हती.

विमलाला मी घरी बसवून सगळं सांगितलं. बँका कशा बंद झाल्या, काल बग्गीतून फिरणारे दुसऱ्या दिवशी कसे रस्त्यावर आले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तू लहानपणापासून अशीच गो ताई. कुणाचं लग्न ठरलं तरी तुला आधी नवऱ्याचा खोकला दिसतो."

"आणि घालणार कशात?"

"सिमेंटच्या कंपनीत." चेहऱ्यावर काय समाधान! "घराचंच काम ना. सिमेंटनं पैसे दिले आणि ते घराला लागले, म्हणजे कसं बरं वाटतं."

चिऱ्याचं घर मातीत बांधायची ही, आणि सिमेंट म्हणे. मी हात टेकले.

सांगून कोणी ऐकणार नव्हतं, हे कळलं. मग मीही त्यांच्याच वाटेनं जायचं ठरवलं. सहाव्या दिवशी सकाळी येसूबाईंकडे गेले. म्हटलं, "काकू, पारायणात अध्याय गाळला तर चालतं का हो?"

म्हातारीची जपमाळ थांबली. "अगो, कसं चालेल? ओवी गाळली तरी दोष लागतो."

"मग आप्पा तर अध्यायच्या अध्याय गाळतायत. मनात वाचलेलं लोकांना कुठे ऐकू येतं? श्रवण करणाऱ्यांचं पारायण अपुरंच राहिलं ना? अपुऱ्या पारायणाचं फळ कसलं?"

येसूबाईंनी तिथूनच हाक मारली, "आप्पा! इकडे ये मेल्या!"

आप्पा आले. आईपुढे त्यांचं काही चालायचं नाही. शुभावर थांबायचं तर थांब, पण गाळायचं नाय, असा निकाल लागला. समाप्तीच्या दिवशी आधी सगळे राहिलेले भाग ओळीनं वाचायचे आणि शेवट गोड करायचा. मी घरी आले ती हवेत चालत. वाटलं, जिंकले. एकदा त्या घशातून ते बुडणं बाहेर पडलं की विमला ड्राफ्ट घेऊन उठेल आणि सरळ घरी येईल.

समाप्तीला घर गच्च भरलेलं. आणि आप्पांनी वाचलं. खरं तेच सांगते, असं वाचन मी आजवर ऐकलं नाही. हॉलंडचा कांदा भाजीच्या भावाला आला. मुंबईत बँकेच्या दाराशी माणसं कपाळ आपटू लागली. ज्यानं काल देणग्या दिल्या तो आज उसन्या धोतरावर. अमेरिकेत कचेऱ्यांतून टोप्या घातलेले साहेब पावासाठी रांगेत. आप्पांचा आवाज भरून आला. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. कोर्टातले बेलीफ सखाराम शिरगावकर, एरवी दगड, तेही नाक पुसत होते. विमला तर हुंदके देत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला तिची दया आली, आणि हायसंही वाटलं.

शेवटी चढत्या बाजाराचं एक पान वाचून आप्पांनी ग्रंथ मिटला. तेवढ्यात आतून येसूबाई म्हणाल्या, "वाचून झालं ना रे? मग आता उतरव ते."

आप्पांनी नारळ घेतला, चौरंगावरून, जमलेल्या लोकांवरून, कागदांच्या गठ्ठ्यावरून तीनदा ओवाळला आणि अंगणात जाऊन पायरीवर फोडला. सगळ्यांनी एकदम सुस्कारा टाकला. चेहरे बघायला हवे होते, ताप उतरल्यासारखे! "गेलं, गेलं," लोक एकमेकांना म्हणायला लागले. "जे काय अशुभ होतं ते बोलून झालं. आता कसली भीती!" जे तीन-चार जण कचरत होते, ज्यांनी अजून ड्राफ्ट काढला नव्हता, तेही म्हणाले, गठ्ठा उद्यापर्यंत थांबवा, बँक उघडली की ड्राफ्ट आणतो.

आणि सगळ्यांच्या आधी सहीला कोण गेलं? माझी बहीण. डोळे पुसत पुसत गेली. परत आली ती माझा हात धरून म्हणाली, "बरं झालं गो ताई, तू येसूकाकूंना आठवण केलीस. मनात ती एक धास्ती होती, तीही गेली."

पडझडीचा अख्खा इतिहास ऐकवला, आणि ह्यांनी तो नजर काढल्यासारखा उतरवून अंगणात टाकला!

पुढचं सांगायला हवं असं नाही. चढलेला बाजार त्याच वर्षात घसरायला लागला आणि घसरतच राहिला. आधी लोक म्हणाले, थांबू. मग म्हणाले, आणखी थांबू. एस.टी.नं येणारं वर्तमानपत्र आता कोणी उघडेना, मी ते शेंगा बांधायला देत असे. विमलाची सिमेंट कंपनी अर्ध्याच्या खाली गेली. दिवाळी आली, मालकानं आणखी महिनाभर वाट पाहिली आणि तुकडा पूर्णगडच्या एका माणसाला देऊन टाकला. तो दर्यावर्दी होता, त्यानं महिन्याभरात जोतं बांधलं. विमला येता-जाता ते बघायची.

आप्पांचंही गेलं. फंडातलं जवळजवळ सगळं. मला वाटलं, आता लोक त्यांच्या दारावर जातील, जाब विचारतील. कसलं काय! लोक माझ्या लायब्ररीत यायचे बंद झाले. वर्गणीदार एकेक करून पुस्तकं परत करायला लागले, तीही पोरांच्या हाती. मला कारण कळेना. गंगुबाईनं बाजारात तोंडावर सांगितलं, "बाई, तुम्ही ते वाचायला लावायला नको होतं."

आणि मग एके दिवशी आप्पा स्वतः आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले. खंगले होते. मला खरंच वाईट वाटलं, क्षणभर. म्हटलं, आता हा माणूस कबूल करणार, माफी मागणार. आप्पांनी हात जोडले आणि म्हणाले, "गोदाबाई, लोक काही बोलतात. माझ्या मनात तुमच्याबद्दल राग नाही. मी तुम्हाला क्षमा केली आहे."

मला! क्षमा! मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आप्पांनी मान खाली घालून ऐकून घेतलं सगळं, आणि जाताना म्हणाले, पुढच्या माघात पुन्हा सप्ताह करणार आहे, ह्या वेळी नीट, मंगल तेवढंच.

मी छत्रीही न घेता तशीच उन्हातून भाट्याला गेले. विमला पडवीत तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, "विमल, हे बघ, माझ्याकडे थोडे पैसे आहेत. माझ्या घरी ये राहायला. त्या आप्पाच्या सप्ताहाला पुन्हा जायचं नाही."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे कधी असं पाहिलं नव्हतं तिनं.

"आप्पांनी सहा दिवस एक वाईट अक्षर माझ्या कानावर पडू दिलं नव्हतं," ती म्हणाली. "सातव्या दिवशी तू पाडलंस. माझं घर उभं राहायच्या आधी तू त्याचं मरण वाचून घेतलंस ताई."

"अगो वेडे, बाजार काय आप्पाच्या ओटीवरून चालतो?"

"तुला काय जातंय? तुझ्या डोक्यावर कौलं आहेत."

ती उठली. पडवीला दार नव्हतं, नाहीतर ते तिनं माझ्या तोंडावर लावलं असतं. तिनं खांबाला बांधलेलं गोणपाट पडद्यासारखं खाली सोडलं आणि आत जाऊन तांदूळ पाखडायला लागली.